दोन नाणी, एकच आवाज

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. सूत्रे पाठ आहेत, पण टेबलावरून घरंगळलेली गोटी किती दूर पडेल, अशा गणितांत तिचे गुण जातात. काय करावे?

उत्तर : आधी एक प्रयोग करा. टेबलाच्या कडेवरचे नाणे टिचकीने आडवे उडवा आणि त्याच क्षणी, तेवढ्याच उंचीवरून दुसरे नाणे नुसते सोडा. एक दूर पडेल, एक जवळ. पण आवाज एकदमच येईल. गुरुत्वाकर्षण फक्त खाली ओढते, आडवा वेग बदलत नाही. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात हेच मांडले.

म्हणून वहीत दोन रकाने आखायला सांगा : उभा आणि आडवा. टेबल ०.८ मीटर उंच आहे. गुरुत्वीय त्वरण १० धरले, तर उभ्या रकान्यात ०.८ = ५ × वेळेचा वर्ग; म्हणून वेळ ०.४ सेकंद. आडवा वेग सेकंदाला २ मीटर असेल, तर गोटी २ × ०.४, म्हणजे ०.८ मीटरवर पडेल.

दोन्ही रकान्यांत सामाईक असतो तो फक्त वेळ. आडवा वेग उभ्या रकान्यात शिरला, की गणित चुकलेच! चेंडू तिरका फेकला असेल, तर आधी वेगाचे उभा व आडवा असे दोन भाग करायचे. पुढची रीत तीच.