पंधरा जणींचा पुरावा

“पंधरा बायकांशी बोललात आणि निष्कर्ष काढलात?” आरोग्य संशोधनाच्या बैठकीत गुणात्मक मुलाखतींचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या हाती हजारो घरांचा तक्ता असतो, त्यामुळे आवाजही जरा चढा.

तक्त्याशी माझं भांडण नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या ९२ टक्के जणींना स्त्रीरोग वा लैंगिक आजार असल्याचं १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कितीही मुलाखती घेतल्या तरी हा आकडा निघाला नसता. पण इतक्या जणी दुखणं अंगावर का काढत होत्या, कुणापाशी बोलत होत्या, कशावर भागवत होत्या, हे तपासणीच्या टेबलावर कळत नाही. त्यासाठी बायकांचं ऐकत बसावं लागतं. राणीताई बसल्या, म्हणून ‘कानोसा’ हे पुस्तक लिहिलं गेलं.

मुलाखतीत लोक खरं सांगत नाहीत, असंही म्हणतात. मग प्रश्नावलीत सांगतात? ओसरीवर सासू बसलेली, शेजारीण डोकावतेय आणि सर्वेक्षक विचारतो, “अंगावरून पांढरं जातं का? हो की नाही?” सून मान हलवते. चौकटीत ‘नाही’ची खूण होते आणि पुढे तीच दशांशचिन्हासकट छापली जाते. त्यापेक्षा एकटी भेटेल तेव्हा “मागच्या खेपेला बरं नव्हतं, तेव्हा काय काय झालं? पहिल्यापासून सांगा,” एवढं विचारून गप्प बसावं. औषध कुणी आणलं, पैसे कुणाकडे मागितले, मजुरी किती बुडाली, सगळं ओघात येतं.

राहिला पंधराचा हिशेब. आजार किती जणींना, हे पंधरा जणी सांगू शकत नाहीत. तसा दावा कुणी करूही नये. आजार कसा आणि का सोसला जातो, हे विचारत जायचं आणि नवं काही निघेनासं झालं की थांबायचं.

खरं खंडन मुलाखती घेणाऱ्या आमच्याच पंक्तीतल्या काहींचं व्हायला हवं. “दवाखान्यात का जात नाही?” हा प्रश्न नव्हे, ठपका आहे. गावातल्या ‘आशा’ आरोग्यसेविकांना शेजारी बसवून त्यांच्याच कामाबद्दल विचारायचं आणि ‘लोक समाधानी’ असं लिहून मोकळं व्हायचं! वर अहवालात दोन चटकदार वाक्यं डकवायची, उलट बोललेल्या जणी गाळायच्या. यापेक्षा तक्ता शंभर पटींनी बरा. मुलाखतीला पुरावा म्हणवून घ्यायचं असेल, तर संमतीने ध्वनिमुद्रण व्हावं, बोली जशीच्या तशी उतरवावी, नाव-गाव झाकून विचारणाऱ्याचे प्रश्नही छापावेत. आणि आमच्या निष्कर्षाला छेद देणारी बाई परिशिष्टात नव्हे, मुख्य मजकुरात बोलावी.