घरपट्टीला मर्यादा, पण खर्चाचे काय?

देहूची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, तेव्हा गावाचा दर्जा वाढल्याचे अनेकांना समाधान वाटले. ते अस्थानी नव्हते. एका अंगाला पिंपरी-चिंचवड आणि दुसऱ्या अंगाला चाकणची कारखानदारी असलेल्या या गावाला जुना अंगरखा केव्हाच अपुरा पडू लागला होता. परंतु दर्जाच्या पाठोपाठ घरपट्टीचा प्रश्न येतो. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्याप्रमाणे मालमत्तेची आकारणी दर चार वर्षांनी नव्याने व्हावयाची असते. शेजारी कारखाने आले की जागांचे भाव व भाडी चढतात, आणि त्यांच्या मागून आकारणीही चढते. वडिलोपार्जित घरात राहणाऱ्या निवृत्त शिक्षकाचे निवृत्तिवेतन मात्र चाकणच्या भावाने वाढत नाही. घराची किंमत वाढली म्हणून त्याची एक भिंत विकून कर भरता येत नाही!

तेव्हा स्वतः राहत्या घराच्या करवाढीला वार्षिक मर्यादा असावी, ही मागणी रास्तच आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७८ साली मतदारांच्या कौलाने अशी मर्यादा घातली. आकारणीची वाढ वर्षाला दोन टक्क्यांवर रोखली. त्याचे दुष्परिणामही झाले. नव्याने घर घेणाऱ्यावर अधिक बोजा पडला आणि स्थानिक संस्था राज्य सरकारच्या अधिक मिंध्या झाल्या. मात्र पुढल्याच वर्षी तेथील मतदारांनी आणखी एक गोष्ट केली. राज्याने स्थानिक संस्थेवर नवे काम लादले, तर त्याचा खर्च राज्यानेच भरून द्यावा, असे त्यांनी घटनेत लिहून घेतले. आपल्याकडे पहिल्या गोष्टीची चर्चा होते, दुसरीची होत नाही.

वस्तुतः आपला अनुभव दुसरीकडेच बोट दाखवितो. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि त्या अनुदानाकडे डोळे लावून बसल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरणापासून विल्हेवाटीपर्यंतची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. २०२२ मध्ये मुंबईतील पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. घोषणा मंत्रालयाची, तूट महापालिकेची. मुंबईला ती सोसेल. देहूला कशी सोसावी?

देहूचा खर्च तर देहूपुरता नाहीच. तुकाराम बीजेला आणि पालखी प्रस्थानाला जो अफाट समुदाय लोटतो, त्याचे पाणी, शौचालये, दिवाबत्ती व झाडलोट कोणी करावयाची? वारकऱ्याकडून घरपट्टी घेता येत नाही, घेऊही नये. इंद्रायणीत लोणावळा-तळेगावकडून येणारी घाणही देहूकरांची नव्हे. हा साऱ्या महाराष्ट्राचा भार आहे. तो सतरा प्रभागांच्या गावाच्या घरपट्टीतून निघावा, अशी अपेक्षा करणे हा हिशेब नव्हे.

राज्याच्या तिजोरीतही खडखडाट आहे, असे उत्तर मिळेल. मग आदेश काढताना हात आखडता घ्यावा! स्थानिक संस्थेवर काम टाकणाऱ्या वा तिचे उत्पन्न घटविणाऱ्या प्रत्येक शासननिर्णयात खर्चाचा आकडा आणि पैशाची वाट लिहिलेली असावी. ती नसेल तर तो बंधनकारक मानू नये. राज्य वित्त आयोगाची तरतूद घटनेत १९९३ पासून आहे. राहत्या घरांच्या करमर्यादेचा प्रस्ताव आणि हा नियम विधिमंडळात एकाच विधेयकात यावेत. केवळ पहिला आला, तर देहूच्या नगरसेवकांनीच त्याला विरोध करावा.