टाके निघाले म्हणजे तुम्ही बरे झालात असे नाही

निकी लाउडाची गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे वाचली असेल. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या फॉर्म्युला वन शर्यतीत त्याची फेरारी आदळली आणि पेटली. हेल्मेट डोक्यावरून निघून गेले होते. इतर चालकांनी त्याला ओढून बाहेर काढेपर्यंत चेहरा, डोके आणि उजवा कान भाजला होता, विषारी धूर फुफ्फुसांत गेला होता. रुग्णालयात त्याच्यासाठी अखेरची धार्मिक प्रार्थनाही झाली. तरी १२ सप्टेंबरला, म्हणजे ४२ दिवसांनी, तो इटलीत मोंझाच्या शर्यतीत उतरला आणि चौथा आला.

ही गोष्ट 'जिद्द असावी तर अशी' म्हणून सांगितली जाते. त्या जिद्दीला माझाही नमस्कार. पण चेहऱ्याला मार लागलेल्या रुग्णापुढे ती नमुना म्हणून ठेवायला माझा ठाम विरोध आहे. कारण 'डॉक्टर, टाके निघाले, आता उद्यापासून गाडी चालवू ना?' या प्रश्नामागे हीच समजूत असते: घाव भरला, मनाची तयारी आहे, मग अडले कुठे?

अडते ते आरशात न दिसणाऱ्या ठिकाणी. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून तिथली त्वचा लवकर भरते. चेहऱ्यावरचे टाके बहुधा पाच-सात दिवसांत काढतो. हाड मात्र त्वचेचे वेळापत्रक पाळत नाही, त्याला साधारण सहा आठवडे किंवा अधिक लागतात. डोळ्याच्या खोबणीचे हाड पातळ असते. ते मोडले आणि डोळा फिरवणारा स्नायू त्यात अडकला, तर एका वस्तूच्या दोन वस्तू दिसतात. सरळ समोर पाहताना कदाचित नीट दिसेल, पण वर किंवा खाली पाहिले की समोरची रिक्षा दुहेरी होईल. पापणी पूर्ण मिटत नसेल, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडून तिथे जखम होऊ शकते.

आणि मेंदू? चेहऱ्यावर बसलेला जोराचा फटका मेंदूलाही हादरा देऊ शकतो. त्याला काँकशन म्हणतात. यात सीटी स्कॅन अगदी नॉर्मल येऊ शकतो. रक्तस्राव नाही एवढेच त्यावरून कळते. डोके दुखणे, गरगरणे, उजेड सहन न होणे, विचार मंदावणे, चिडचिड होणे ही लक्षणे स्कॅनमध्ये दिसत नाहीत, ती रुग्णानेच सांगावी लागतात. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

आता शर्यतींच्याच जगातली दुसरी उदाहरणे पाहा. २५ जुलै २००९ रोजी हंगेरीत पात्रता फेरी चालू असताना पुढच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर, डाव्या डोळ्याच्या वर आदळली. कवटीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. उरलेला हंगाम तो एकाही शर्यतीत उतरला नाही. मार्च २०१० मध्ये बहारीनला परतला तो थेट दुसरा आला. थांबल्यामुळे त्याचा वेग कुठे गेला नाही.

२०११ मध्ये मोनॅकोत सर्जिओ पेरेझची गाडी आदळली आणि त्याला काँकशन झाले. पुढे कॅनडात त्याने सराव सुरू केला, पण बरे वाटेना, म्हणून तो स्वतःहून बाजूला झाला. त्याच्या जागी दुसरा चालक उतरला. 'मला अजून बरे वाटत नाही' हे वाक्य बोलायला चौथ्या क्रमांकाइतकेच धैर्य लागते. पण त्यावर प्रेरणादायी संदेश कोणी पाठवत नाही.

तुम्ही म्हणाल, 'पण लाउडाला जमलेच ना?' जमले. पण निकाल चांगला लागला म्हणून निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. मोंझाला आपण भीतीने गोठलो होतो, हे त्याने स्वतःच नंतर सांगितले. गोष्टीचा उत्तरार्धही सांगत चला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानच्या फुजी येथे मुसळधार पाऊस होता आणि भाजलेल्या पापण्यांमुळे त्याच्या डोळ्यांची उघडझाप नीट होत नव्हती. धोका फार आहे म्हणत दोन फेऱ्यांनंतर त्याने गाडी उभी केली. जगज्जेतेपद एका गुणाने गेले. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, ते त्याने परत मिळवले आणि १९८४ मध्ये पुन्हा एकदा. मला त्याच्याकडून काही शिकायचे असेल, तर ते मी फुजीकडून शिकेन.

शिवाय शर्यतीच्या रस्त्यावर समोरून वाहन येत नाही, डॉक्टर आणि अग्निशमन दल हाकेच्या अंतरावर असते, आणि धोका पत्करणारे सगळे तो समजून पत्करतात. तुमच्या रस्त्यावर शाळेतून घरी जाणारे पोर असते. मागच्या सीटवर तुमची आई असते. त्यांना कोणी विचारलेले नसते.

खरा दबाव कुठून येतो, हे मला माहीत आहे. लाउडा रुग्णालयात असताना फेरारीने कार्लोस रॉयटेमानला करारबद्ध केले होते. जागा जाण्याची भीती विश्वविजेत्यालाही होती. इथे दुचाकीवर पार्सल पोचवणाऱ्याची रोजची कमाई बुडते. त्याला 'आराम करा' एवढेच सांगून डॉक्टरची जबाबदारी संपत नाही. बसून करता येईल असे काम किती दिवस द्यावे, हे प्रमाणपत्रावर स्पष्ट लिहून मागा. मालकांनो, तुम्हीही ते पाळा. दुहेरी दिसणाऱ्या माणसाला गाडीवर धाडणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

तेव्हा गाडीची किल्ली हातात घेण्याआधी एवढे तपासून घ्या. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पाहताना एकच दिसते का? पापणी पूर्ण मिटते का? जबडा दुखल्याशिवाय हेल्मेट नीट बसते का? मान दोन्ही बाजूंना वळते का? दिवसभराच्या साध्या कामानंतर डोके दुखत नाही ना? गुंगी आणणारी वेदनाशामक गोळी चालू नाही ना? एकाही उत्तराबद्दल शंका असेल, तर थांबा आणि डॉक्टरांना, गरज पडल्यास नेत्रतज्ज्ञांना दाखवा. उलट्या, वाढती डोकेदुखी, अचानक कमी दिसणे किंवा झोपेतून उठवणे कठीण होणे, यांपैकी काही झाले तर थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

परतण्याची तारीख जिद्दीने ठरवू नका. ती डोळ्यांना आणि मेंदूला ठरवू द्या.