आधी सॅक, मग स्वयंपाक

पन्नाशीत पहिल्यांदाच बायकांच्या ट्रेकला नाव नोंदवलं, कळसूबाईच्या. आदल्या रात्री मी काय करत होते? दोन दिवसांच्या पोळ्या, आमटी आणि गॅसजवळ सूचनांचा कागद! सॅक भरली बारा वाजता, घाईघाईत. नवे बूट एकदाही घालून पाहिले नव्हते. १६४६ मीटर उंचीचं शिखर गाठलं खरं. पण उतरताना टाचांना फोड आले, गुडघे बोलू लागले. वाट दाखवायला गाइड होती. पाय मात्र माझेच होते.

बचेंद्री पाल १९८४ साली एव्हरेस्टवर पोचल्या. १९९४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली बायकांचा चमू राफ्टमधून गंगेनं हरिद्वारहून कलकत्त्याला गेला. आपल्याला एवढं झेपणार नाही. पण निघण्याआधी महिनाभर, भरलेली सॅक पाठीवर घेऊन रोज तासभर चालायला काय हरकत आहे? अडचण एकच. तो तास आपण घराकडे मागतच नाही.

परतले तेव्हा आमटी तशीच होती. मंडळींनी खिचडी करून खाल्ली होती, झकास! मैत्रिणींनो, घराची तयारी झालेलीच असते. राहते ती आपली.