शेडचं कुलूप काढा, मग कागद घेऊन बसा

समाजाच्या जागेचं आणि कबड्डी मंडळाचं जे चाललंय, त्यावर मी गप्प का, असे टोमणे महिनाभर ऐकतोय. ट्रस्टवाले म्हणतात पत्रकार मंडळाचा माणूस. मंडळवाले म्हणतात पत्रकार मॅनेज झाला. तर आज सविस्तर लिहितो. नावं घेणार नाही. गाव लहान आहे, ज्याला कळायचं त्याला कळेल.

बाहेरगावी असलेल्या मित्रांसाठी आधी थोडक्यात. जागा समाजाच्या ट्रस्टची. पुढे हॉल, मागे अंगण, त्यावर पत्र्याची शेड. शेडमध्ये कित्येक वर्षं मंडळाची कबड्डी. भाडं नाही, करार नाही. जुने अध्यक्ष म्हणाले, खेळा, पोरं खेळली. आता नवे विश्वस्त आलेत. त्यांना हॉल वाढवून मंगल कार्यालय करायचंय, रस्त्याच्या बाजूला गाळे काढायचेत. मंडळ हलायला तयार नाही. मग एका रात्री शेडला कुलूप लागलं आणि मॅट आत अडकली.

त्या दिवसापासून व्हॉट्सॲपवर दोनच घोषणा आहेत. एक, 'समाजाची जागा लाटली'. दुसरी, 'खेळाडूंना रस्त्यावर आणलं'. दोन्ही ऐकायला जोरदार. पण जागेचा निकाल घोषणेवर लागत नाही, कागदावर लागतो, आणि कागद एकानेही दाखवलेला नाही.

आधी मंडळाचं. पानटपरीवर कायदा ठरलेलाच असतो : बारा वर्षं झाली की जागा आपली. तसं नसतं हो. मालकाच्या परवानगीने तुम्ही बसलात तर बारा काय, पन्नास वर्षं बसा, मालकी येत नाही. गोव्यातल्या एका घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हे स्वच्छ सांगितलंय. फुकट राहायला दिलेल्याला कितीही वर्षं झाली तरी हक्क मिळत नाही.

मंडळाचा दुसरा मुद्दा, 'शेड आम्ही बांधली'. यात थोडा जीव आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ६० सांगतं की परवानगीवर विसंबून कुणी स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी बांधकाम केलं, तर ती परवानगी मालकाला मनात येईल तेव्हा काढून घेता येत नाही. पण मंडळींनो, त्याच शेडवर आमदार निधीची पाटी आहे! मग खर्च मंडळाचा कसा? तो तुमचा-माझा. पाटी खरी असेल तर या भांडणात तिसरा हिस्सेदार जनता आहे, आणि तिला कुणी बैठकीला बोलावलेलं नाही.

आणखी एक. कबड्डीच्या नावाखाली तिथे वाढदिवस झालेत, हळदी झाल्यात, एका मंडपवाल्याच्या खुर्च्या पावसाळाभर पडून होत्या. ते पैसे कुठल्या खात्यात गेले? वर्षानुवर्षं तेच अध्यक्ष, तेच खजिनदार. बाजू खेळाची म्हणून हिशेब माफ होत नाही.

आता ट्रस्ट. 'जागा आमची, आम्ही काहीही करू' असं एक विश्वस्त चारचौघांत बोलून गेले. साहेब, जागा तुमची नाही, ट्रस्टची आहे. तुम्ही राखणदार. १९५० चा आपला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा काढून कलम ३६ वाचा. ट्रस्टची इमारत किंवा बिनशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. विकायची तर लागतेच. गाळ्यांसाठी आताच अनामत घेतली जातेय अशी चर्चा आहे. खोटी असेल तर तसं लेखी जाहीर करा, मी इथेच टाकतो. खरी असेल तर मंजुरीचा आदेश दाखवा.

आणि नवे विश्वस्त निवडून आले त्याचा चेंज रिपोर्ट कलम २२ खाली नव्वद दिवसांत दाखल व्हायला हवा. झालाय का? साधा प्रश्न आहे, चिडण्यासारखं त्यात काही नाही.

कुलपाबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. ते चूक. जागा रिकामी करून घ्यायला नोटीस आहे, कोर्ट आहे, धर्मादाय कार्यालय आहे. ज्याचा ताबा आहे त्याला कायदा डावलून बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. मंडळाचा ताबा खरा की नुसती खेळायची मुभा, हे कोर्ट ठरवेल. रात्री कुलूप लावणाऱ्याने ते ठरवायचं नाही.

या सगळ्यात मार खातात त्या संध्याकाळच्या बॅचच्या मुली. मुलगे कुठेही खेळतात, नदीकाठी खेळतात, शाळेच्या मैदानावर अंधारात खेळतात. मुलींना ती शेड हवी होती, कारण तिथे दिवा होता, भिंत होती आणि घर जवळ होतं. आता त्यांचा सराव बाजार समितीच्या ओट्यावर चालतो. सिमेंटवर पकड करून बघा एकदा, गुडघे सोलवटतात. काहींच्या घरून 'आता पुरे' सुरू झालंय. बॅच एकदा मोडली की परत जमत नाही.

मालकाने मालकी जिंकली आणि खेळ निघून गेला, हे मुंबईत घडून गेलंय. ब्रेबॉर्न स्टेडियम सीसीआय या क्लबचं. कसोटीच्या तिकिटांवरून, जागांच्या वाट्यावरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांची जुंपली. संघटनेने चालत जाण्याच्या अंतरावर वानखेडे उभं केलं, जानेवारी १९७५ मध्ये तिथे कसोटीही झाली. ब्रेबॉर्नवर १९७३ नंतर पुढची कसोटी थेट २००९ साली. पण तिथे संघटनेकडे शेषराव वानखेडे होते, विधानसभेचे अध्यक्ष. आपल्या पोरींकडे कोण आहे?

मला विचाराल तर तोडगा अवघड नाही. मंडळाने लेखी द्यावं की जागा ट्रस्टची आहे, मालकीवर आमचा दावा नाही. ट्रस्टने तीन वर्षांच्या आतला रीतसर नोंदणीकृत करार करावा. त्यात वेळ लिहा, वीजबिल कुणाचं ते लिहा, लग्नसराईत कुठले दिवस शेड मिळणार नाही तेही लिहा. पोटभाड्याने द्यायची नाही ही अट ठळक टाका. मंगल कार्यालय व्हायचं तर होऊ दे, समाजाला त्याची गरज आहे हे मीही मानतो. पण नकाशात मागे एक मॅट मावेल एवढी जागा ठेवायला आर्किटेक्टला किती वेळ लागेल?

येत्या रविवारी दोन्हीकडच्या ज्येष्ठांची बैठक आहे म्हणतात. ट्रस्टने शेड्यूल वनचा उतारा, गाळ्यांचा ठराव आणि चेंज रिपोर्टची पोच आणावी. मंडळाने नोंदणीचा दाखला, गेल्या तीन वर्षांचे हिशेब आणि शेडच्या खर्चाच्या पावत्या आणाव्यात. कागद मिळाले तर जसेच्या तसे इथे टाकेन. नाही मिळाले तर सोमवारी धर्मादाय कार्यालयात नकलांसाठी अर्ज करतोय, दोन्ही संस्थांच्या.

आणि बैठकीच्या आधी ती मॅट तरी बाहेर काढून द्या.