लाकडी जमिनीचा रंग आणि तेलाच्या चिंध्या

कापडाच्या व्यापाऱ्यांनी लाकडाच्या कामाविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. आमच्या दुकानांतून कातरण आणि चिंध्या नेणाऱ्यांत पॉलिशवाले कारागीर पुष्कळ असतात, आणि त्यांत आपल्या समाजातील मुले कमी नाहीत. म्हणून हे चार शब्द.

जुन्या इमारतींतील सागवानी फळ्यांची जमीन काही मालक हौसेने दुरुस्त करून घेतात. फळ्या घासायच्या, रंग मुरवायचा, वर तेल पाजायचे. हुशार हात असेल तर कडेने अष्टकोनी ताऱ्यांची पट्टीही काढता येते. तारा गडद, मधले लाकूड मूळ रंगाचे. रंग लाकडाच्या रेषांतून पसरतो, जसा ओल्या कापडात पसरतो. बांधणीत जे काम दोरा करतो, ते येथे सुरी करते. नक्षीच्या कडेला उथळ चीर दिली की रंग बहुधा तिथेच अडतो. इतक्या नाजूक कामाला आमचे कारागीर साध्या जमिनीचाच चौरस फुटाचा भाव सांगतात, हे आम्हाला पटत नाही. नक्षीचा भाव वेगळा घ्यावा. त्याच लाकडाच्या तुकड्यावर नमुना करून मालकाची पसंती आधीच घ्यावी. सागाच्या गाभ्यावर आणि बाहेरच्या फिकट भागावर एकच रंग वेगळा दिसतो, मग शेवटी पैसे कापले जातात.

खरी काळजी तेलाची आहे. जवसाचे तेल लावून पाव तासाने जास्तीचे पुसून घ्यावे लागते, नाहीतर जमीन चिकट राहते. म्हणजे चिंध्या तेलाने भिजतात. हे तेल वाळताना हवेतील ऑक्सिजन घेते आणि उष्णता सोडते. फळीवरची उष्णता उडून जाते, चिंध्यांच्या ढिगात ती कोंडते. काही तासांत काडी न लावता ढीग पेट घेतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या 'वन मेरिडियन प्लाझा' या ३८ मजली इमारतीत २३ फेब्रुवारी १९९१ रोजी नेमके हेच झाले. बाविसाव्या मजल्यावर भिंतींच्या लाकडी फळ्यांना तेल देणाऱ्यांनी चिंध्या तशाच टाकल्या होत्या. आठ मजले जळाले, अग्निशमन दलाचे ३ जवान गेले.

आमच्याकडे त्याच चिंध्या गोणीत भरून जिन्याखाली ठेवतात. शेजारी कापडाचे गठ्ठे, आणि रात्री शागीर्द वर झोपलेले! ईदच्या आधी दुकान उघडायचे म्हणून ठेकेदार रात्री उशिरापर्यंत काम रेटतो. मग आवरायला कोणाला सवड? वास्तविक करायचे फार नाही. चिंध्या बाहेर, एकेक सुटी करून दोरीवर वाळवाव्यात, कडक झाल्या की टाकाव्यात. जागा नसेल तर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे. डब्याचा खर्च ठेकेदाराचा, मजुराचा नव्हे. गाळ्यात लाकडाचे काम काढणाऱ्या व्यापाऱ्यांनी ही अट ठेक्याच्या कागदावर लिहून घ्यावी, आणि रोज संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी जिन्याखाली स्वतः वाकून पाहावे.