टॉर्च नीट धर!

आई-बाबा सध्या आमच्याकडे आलेत. ज्यांचे आई-बाबा उन्हाळ्यात इकडे येऊन सहा महिने राहतात त्यांना पुढचं सांगायला नकोच. पहिला महिना गोल्डन गेट, मॉल आणि देऊळ यांत जातो. तिसऱ्या महिन्यापर्यंत आई नातवंडांत रमलेली असते आणि बाबा खिडकीत बसून समोरच्यांचा कचरा कुठल्या वारी उचलतात याचा हिशोब ठेवायला लागतात. म्हणून मागच्या शनिवारी म्हटलं, "बाबा, चला, तुम्हाला जुन्या गाड्यांची शर्यत दाखवतो."

"जुन्या गाड्यांची मिरवणूक असते. शर्यत कसली?" बाबा म्हणाले.

शर्यतच असते. सॅन होजेहून दक्षिणेला निघायचं, गिलरॉयचा लसणाचा वास खात खात दीड-एक तासात माँटेरे गाठायचं. तिथे सोनेरी वाळक्या गवताच्या टेकड्यांमध्ये लगुना सेका नावाचा रेस ट्रॅक आहे. नावाचा अर्थ कोरडं तळं. लांबी साधारण ३.६ किलोमीटर, वळणं ११. त्यातलं 'कॉर्कस्क्रू' नावाचं वळण जगप्रसिद्ध आहे. टेकडीच्या माथ्यावर गाडी डावीकडे वळते आणि तिथून सुमारे १३७ मीटर अंतरात १८ मीटर खाली येते. म्हणजे पाच मजली इमारतीवरून घसरगुंडीने उतरण्यासारखंच. ड्रायव्हरला वळण्याआधी पुढचा रस्ता दिसतच नाही. ओकचं अमुक झाड बघून वळायचं म्हणे!

हा ट्रॅक झाला तोसुद्धा एका अपघातामुळे. १९५० पासून जवळच्या पेबल बीचला जंगलातल्या रस्त्यांवर शर्यती होत असत. दोन्ही बाजूला झाडं, मध्ये गाड्या. १९५६ मध्ये अर्नी मॅकअॅफी या ड्रायव्हरची फेरारी झाडावर आदळून तो गेला आणि त्या शर्यती बंद पडल्या. १९५७ मध्ये लष्कराच्या फोर्ट ऑर्डच्या जागेवर हा ट्रॅक उभा राहिला. पुढे १९७४ मध्ये स्टीव्ह अर्ल यांनी इथे जुन्या गाड्यांच्या शर्यती सुरू केल्या. २०१० पासून त्यांना 'माँटेरे मोटरस्पोर्ट्स रियुनियन' म्हणतात. दर ऑगस्टला भरतात. युद्धापूर्वीच्या गाड्या वेगळ्या, पन्नाशीतल्या स्पोर्ट्स कार वेगळ्या, फॉर्म्युला वन वेगळ्या असे गट पाडतात. पैशांचं बक्षीस नाही. धक्काबुक्की केली तर ज्याची चूक त्याला घरी पाठवतात.

पण खरी मजा ट्रॅकवर नाही, पॅडॉकमध्ये असते. गाड्या जिथे उभ्या करून दुरुस्त करतात ती जागा. नेहमीच्या मोठ्या शर्यतींत तिथे सामान्य माणसाला कोणी फिरकू देत नाही. इथे साध्या तिकिटावर कुठेही फिरा, गाडीच्या हातभर अंतरावर उभे राहा, प्रश्न विचारा. करोडोंच्या गाड्या आणि त्यांच्याखाली तेल ठिबकतंय म्हणून ठेवलेले पत्र्याचे ट्रे!

बाबा एका लोटस इलेव्हनपाशी थांबले. १९५० च्या दशकातली छोटीशी गाडी, सगळी मिळून साडेचारशे किलोच्या आसपास. आतलं इंजिन कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं, मुळात आगीच्या बंबासाठी बनवलेलं! पाण्याचा पंप चालवायचं हलकं इंजिन एका शहाण्याने शर्यतीच्या गाडीत घातलं आणि ते जिंकायला लागलं. क्षमता १०९८ सीसी. बाबांनी फलक वाचला आणि म्हणाले, "अरे, हे तर आपल्या फियाटएवढंच!" आमची पद्मिनी १०८९ सीसीची. ताकद मात्र हिच्या निम्मीच असेल.

साठीचा एक मेकॅनिक इंजिनात वाकला होता. मध्येच त्याने इंजिन चालू केलं. बाबांनी मान तिरकी करून ऐकलं आणि मला मराठीत म्हणाले, "मिसिंग मारतेय." मी भाषांतर करायच्या आत बाबांनी बोटांनी चार दाखवले आणि त्यातलं एक मिटलं. मेकॅनिक हसला. त्याला ते माहीतच होतं, तेच तर तो शोधत होता. त्याने बाबांच्या हातात टॉर्च दिला.

पुढची दहा मिनिटं माझे बाबा, वय वर्षं ७४, कॅलिफोर्नियात एका अनोळखी माणसाला टॉर्च धरून उभे होते. डिस्ट्रिब्युटरचं झाकण निघालं, सीबी पॉइंट साफ झाले, फिलर गेजची पट्टी आत-बाहेर झाली. मेकॅनिकचा हात जिथे जाईल तिथे उजेड आधीच पोचलेला. दोघं एका शब्दानेही बोलले नाहीत.

आणि मला आमच्या वाड्याचं अंगण आठवलं. रविवारी सकाळी बाबा फियाटच्या बॉनेटमध्ये वाकलेले आणि टॉर्च माझ्या हातात. माझं लक्ष गल्लीत चाललेल्या क्रिकेटकडे. मग बाबा ओरडत, "टॉर्च नीट धर!" इतकी वर्षं टॉर्च धरला, पण बाबा नक्की काय करताहेत हे कधी पाहिलं नाही. ती गाडी १९९८ मध्ये भंगारात गेली.

असो. तर मुद्दा असा. माझा एक मित्र (तोही आपल्याच धंद्यातला) या शर्यतींच्या सक्त विरोधात आहे. तो म्हणतो, "जगात मोजून उरलेल्या गाड्या हे श्रीमंत लोक एकमेकांच्या अंगावर घालतात. म्युझियममध्ये काचेआड ठेवायला काय होतं?" मला हे अजिबात पटत नाही. का, ते सांगतो.

शाळेत तुमच्यापैकी बरेच जण चपला बाहेर काढून, एसीतल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून जीडब्ल्यू-बेसिक शिकला असाल. त्यातलं 'जीडब्ल्यू' म्हणजे ग्रेग व्हिटन असं म्हणतात. (दुसरेही अर्थ सांगितले जातात.) हे व्हिटन मायक्रोसॉफ्टच्या सुरुवातीच्या काळातले, बेसिकवर काम केलेले. त्यांच्याकडे १९६२ ची फेरारी २५० जीटीओ होती. अशा गाड्या फेरारीने फक्त ३६ बनवल्या. व्हिटन यांनी ती घेतली आणि कुलूपबंद केली नाही, तर जुन्या गाड्यांच्या शर्यतींत पळवली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये माँटेरेलाच तिचा लिलाव झाला, तेव्हा ४ कोटी ८४ लाख डॉलर आले. म्हणजे पळवल्याने तिची किंमत काही गेली नाही.

पण किंमत हा माझा मुद्दाच नाही. मुद्दा हा की गाडी पळवायची म्हटली की तिला पळवता येईल अशी माणसं तयार ठेवावी लागतात. कोणीतरी पिस्टन ओतायला हवेत, कोणीतरी तसे टायर बनवायला हवेत, कोणाच्या तरी कानाला चारातलं एक सिलिंडर गप्प आहे हे कळायला हवं. कॉसवर्थ डीएफव्ही हे फॉर्म्युला वनचं इंजिन १९६७ मध्ये झांडफूर्टला पहिल्यांदा धावलं आणि जिम क्लार्कने त्याच दिवशी शर्यत जिंकली. एकूण १५५ शर्यती त्या इंजिनाने जिंकल्या. ते अजून गरजतं, कारण ते पळवणारे गिऱ्हाईक आहेत आणि म्हणून त्याचे सुटे भाग बनवणारे कारागीर आहेत. काचेआडच्या गाडीला फक्त फडकं मारणारा लागतो.

आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. मी पूर्वी होतो त्या एका कंपनीत एक जुनी प्रणाली होती. सोर्स कोड सगळा जपून ठेवलेला, दस्तऐवज छान बाइंड केलेले. सात वर्षांनी एका गिऱ्हाइकासाठी ती पुन्हा उभी करायची वेळ आली तर कंपाइल होईना. कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती, कुठला फ्लॅग, हे ज्याला माहीत होतं तो गृहस्थ केव्हाच सोडून गेलेला. आम्ही कोड जपला होता, तो चालवण्याची सवय जपली नव्हती. तीन आठवडे गेले आणि शेवटी नवीनच लिहिलं.

आता मित्राच्या बाजूनेही बोलायला हवं. एकदा गाडी भिंतीवर आदळली की मूळ पत्रा गेला तो गेला. त्या भीतीने कित्येक मालक मूळ इंजिन खोक्यात ठेवतात आणि नवा ब्लॉक घालून पळतात. मग ही तीच गाडी का, हा प्रश्न उरतोच. फिलाडेल्फियाचे मेंदूचे शल्यविशारद फ्रेड सिमिओन (२०२२ मध्ये वारले) यांनी आयुष्यभर याविरुद्ध सांगितलं: जुना रंग, जुने ओरखडे हाच इतिहास आहे, चकचकीत करू नका. हे मला पूर्ण मान्य आहे. पण गंमत बघा, त्यांच्याच म्युझियममध्ये गाड्या ठरावीक दिवशी मागच्या आवारात काढून चालवून दाखवतात! म्हणजे भांडण 'शर्यत की काळजी' एवढंच आहे. चालू ठेवावी याबद्दल त्यांचंही दुमत नव्हतं. जगात एकच उरली असेल ती हळू चालवा. पण चालवा.

खेळ श्रीमंतांचा आहे हेही खरं. लोटसचा मालक लांब खुर्चीत बसून सँडविच खात होता. पण त्याच्या पैशाने त्या मेकॅनिकचं घर चालतं, आणि त्या मेकॅनिकने आपली विद्या त्या दिवशी फुकट उघडी ठेवली होती. मला हा सौदा वाईट वाटत नाही.

मला खरी काळजी वेगळ्याच गाड्यांची वाटते. १९९५ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत मॅक्लॅरेन एफ१ ने जिंकली. २०१६ मध्ये बातमी आली की या गाड्यांची सर्व्हिसिंग करायला कंपनीला नव्वदच्या दशकातला कॉम्पॅकचा एक ठरावीक लॅपटॉप लागतो, कारण गाडीशी बोलणारं खास कार्ड त्यातच बसतं. तो लॅपटॉप मेला की गाडी मुकी! आणि त्या गाडीत आजच्या मानाने कोड तो किती? आजच्या गाडीत सगळीकडे कोड, त्यावर कंपनीची डिजिटल सही, आणि अर्धी कामं दूरच्या सर्व्हरला विचारून. सर्व्हर बंद झाला की पन्नास वर्षांनी कुठलाही साठीचा मेकॅनिक टॉर्च घेऊन काय करणार?

हे आपण करतोय मंडळी, आपल्याच जातकुळीतले लोक. म्हणून माझं मत असं की गाडीचं मॉडेल बंद झाल्यावर ठरावीक वर्षांनी, समजा पंधरा, तिची सर्व्हिसिंगची साधनं, वायरिंगच्या आकृत्या आणि सही करण्याच्या किल्ल्या खुल्या करायची सक्ती असावी. अगदीच स्वप्न नाही हे. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ आणि २०२० अशी दोनदा दुरुस्तीच्या हक्काला मतं दिली आहेत.

आपल्याकडे काय? जुन्या गाड्यांची निर्यात आपण १९७२ मध्येच बंद केली, ते चांगलंच केलं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेची वेगळी नंबरप्लेट दिली, तेही छान. पण रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. बाबा म्हणाले तशी मिरवणूक. हार घालायचा, फोटो काढायचा, परत झाकून ठेवायची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा फेसबुकवर सगळे हळहळले. पण त्या टॅक्सीचे पॉइंट जुळवणाऱ्या मिस्त्रीसाठी कोण हळहळलं?

घरी आल्यावर बाबांनी माझ्या नव्या इलेक्ट्रिक गाडीचं बॉनेट उघडायला लावलं. आत रिकामी जागा, भाजीच्या पिशव्या ठेवायला. बाबा जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बंद कर."

काल रात्री त्यांना म्हटलं, पॉइंट कसे जुळवायचे ते मला सांगा, मी लिहून घेतो. त्यांनी पाकिटाच्या मागे आकृती काढली, अर्धा तास समजावलं. सगळं लिहून घेतलं. खरं सांगतो, काडीचंही कळलं नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "असं नाही येत रे ते. गाडी पाहिजे."

डिसेंबरात आम्ही सगळे पुण्याला येतोय. कोणाकडे चालू किंवा चालू होऊ शकेल अशी फियाट असेल तर जरूर कळवा. एक रविवार पुरे. बाबा टॉर्च धरतील, आणि या वेळी बॉनेटमध्ये मी वाकेन. ओरडा खायची तयारी आहे :)